बैलाला डॉक्टर, माणसाला देव

ओझरच्या गणपतीचं नावच विघ्नहर. पुण्या-मुंबईहून दर्शनाला येणारा मोटारवाला त्याच्यापुढे हात जोडतो आणि गाडीच्या कप्प्यात विम्याचा कागदही ठेवतो. त्यात कुणाला नास्तिकपणा दिसत नाही. मग याच जुन्नर-आंबेगावच्या घाटांत बैलगाडा पळतो तेव्हा, घोडीवर बसणाऱ्याचा, गाडा जुंपणाऱ्या पोरांचा, कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांचा विमा काढा म्हटलं की लोक यात्रेत अपशकुन केल्यासारखं का बघतात?

ही शर्यत आता चोरीछुपेपणाची राहिलेली नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. परवानगी जिल्हाधिकारी देतात, बैलाची तपासणी पशुवैद्यक करतो. बैलाला चाबूक, काठी, शॉक लावायचा नाही, हे कागदावर लिहून घेतलं जातं. हे झालंच पाहिजे, मुका जीव आहे तो. पण ज्याला तोंड आहे, बायकोपोरं आहेत, सोसायटीचं कर्ज आहे, त्याचं काय? त्याच्या नावाची पॉलिसी दाखवा, मगच परवानगी, असं का नाही?

पैसा नाही म्हणता? पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत २०२२ साली झालेल्या शर्यतीत बक्षिसाला जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर होते. सगळ्याच गावांची ती ऐपत नाही, हे कबूल. पण स्पीकर, मांडव, फ्लेक्स आणि पाहुण्यांचे फेटे यांना वर्गणी पुरते आणि विम्यालाच नेमकी कमी पडते, हे पटत नाही.

खर्च किती, याचा हिशेब सरकारनेच करून ठेवला आहे. २०२३ मध्ये राज्याने ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला, माणशी ७५ रुपयांत, एकूण साडेसदतीस लाखांत. थरावरून पडून कुणी गेला तर घरच्यांना १० लाख. गोविंदा हौशी, बैलगाडावालाही हौशी. गोविंदा परंपरेसाठी चढतो, हाही परंपरेसाठीच पळतो. मुंबई-ठाण्याच्या हौसेला विमा आणि जुन्नरच्या हौसेला फक्त शुभेच्छा, हा न्याय कुठला? गोविंदांना दिलं याबद्दल माझी तक्रार नाही, आपण मागितलं नाही याबद्दल आहे.

‘माझी पॉलिसी आहे की’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचावी. मोटारीच्या साध्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणून हौसेने ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या कार क्लबवाल्याला वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आरोग्य विम्यात धोकादायक खेळांचं एक ठरलेलं कलम आहे, पण ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यापुरतं आहे. हौशी माणसाचा क्लेम त्या कलमावर फेटाळला, तर गप्प बसू नका, लेखी भांडा. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात. तिच्या अपवादांत ‘मोटार शर्यत’ लिहिलंय, बैलगाडा नाही. पण गुन्ह्याच्या हेतूने कायदा मोडताना झालेला अपघातही त्याच यादीत आहे. विनापरवाना घाट भरवला तर हेच कलम पुढे करून विधवेला हेलपाटे घालायला लावणारे निघतील. तेव्हा परवानगीची टाळाटाळ करणारा आयोजक फक्त पोलिसांना फसवत नाही, गाडेवाल्याच्या घरालाही खड्ड्यात घालतो.

आमच्या समाजातही विमा म्हटलं की कुणी तकदीर काढतं, कुणी व्याज. विम्याच्या धंद्याबद्दल ज्याचे आक्षेप खरे असतील त्याने ते जरूर मांडावेत. पण कुणी अपघातात गेला की मोहल्ल्यात चादर फिरवून पैसे गोळा करतो ना आपण? गावही पट्टी काढतंच. मग तीच पट्टी शर्यतीआधी काढायला कुठला धर्म आडवा येतो? जनाजा उठल्यावर गोळा होणाऱ्या पैशात दया असते. आधी ठेवलेल्या पैशावर हक्क असतो. विधवेला दयेपेक्षा हक्क बरा.

म्हणून मागणी साधी आहे. परवानगीच्या अर्जासोबत सामूहिक अपघात विम्याची पावती सक्तीची करा. त्यात गाडामालकाबरोबर घोडीस्वार, जुंपणारे आणि पंच यांची नावं हवीत. प्रेक्षकांसाठी आयोजकाने वेगळा दायित्व विमा घ्यावा. हप्ता प्रवेश फीतून कापा, कमी पडला तर गोविंदांप्रमाणे सरकारने भरावा. आणि तोवर प्रत्येक गाडेवाल्याने निदान बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. १८ ते ७० वयाला चालते, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात.

येत्या यात्रेत तुमच्या गावच्या कमिटीला एकच विचारा: बक्षिसांची यादी फ्लेक्सवर छापलीत, विम्याची पावती कुठे आहे? उत्तर नाही आलं, तर त्या घाटात आपला गाडा जुंपू नका.