विश्लेषण : ‘भोग’ कोणाचा, भोगणारे कोण?

मराठीत देहसुखासाठी जो शब्द आहे, तोच दुःखासाठीही आहे. ‘भोगविलास’ म्हटले की ऐषआराम आठवतो. ‘नशिबाचे भोग’ म्हटले की आजारपण, कर्ज, अकाली मृत्यू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून या शब्दाची फोड करून पाहायला हवी.

शब्द आला कुठून?

‘भोग’ हा संस्कृत ‘भुज्’ धातूपासून आला. भोजन, भोक्ता, उपभोग ही त्याचीच भावंडे. धातुपाठात ‘भुज्’चे दोन अर्थ दिले आहेत : खाणे आणि पालन करणे. पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या राजासाठीही हेच क्रियापद वापरले जाई. मराठीत खाण्याचा, उपभोगण्याचा अर्थ टिकला. राखण्याचा गळून पडला.

साहित्यात आणि देवळात काय दिसते?

भर्तृहरीच्या नावावर शृंगारशतक आहे तसे वैराग्यशतकही. आपण भोग संपवत नाही, भोगच आपल्याला संपवतात, हे वैराग्यशतकाचे सांगणे. संतसाहित्याने विषयभोगाला दूर ठेवले. देवाला मात्र भोग चढतच राहिला. मध्ययुगीन शिलालेखांत देवळांना ‘अंगभोग’ आणि ‘रंगभोग’ यांसाठी दाने दिल्याचे उल्लेख आहेत. अंगभोग म्हणजे मूर्तीचे स्नान, लेपन, पूजा. रंगभोग म्हणजे देवापुढचे गायन-नर्तन. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिरसमूहावर मैथुनशिल्पे आहेत आणि महाशिवरात्रीला तिथेच मोठी जत्रा भरते. देहसुखाला देवाच्या भिंतीवर जागा होती. ‘भोग’ हा शब्द मुळात बदनाम नव्हता, एवढे यावरून कळते.

सातबाऱ्यावर हा शब्द कसा?

सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-१’ किंवा ‘वर्ग-२’ अशी नोंद असते. इथे भोग म्हणजे जमिनीचा ताबा आणि वहिवाट. वर्ग-२ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे महसुली भाषेतही भोगाला अट आहे. उपभोग म्हणजे मनमानी नव्हे, हे कायद्यालाही मान्य आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण शब्दाच्या दुसऱ्या अर्थाची आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. वीज राज्यभर जाते. राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. ताडोबात वाघ पाहायला देशभरातून पर्यटक येतात. वाघाच्या हल्ल्यात जीव जातो तो बहुधा मोहफूल वेचणाऱ्याचा, तेंदूपाने तोडणाऱ्या बाईचा, गुराख्याचा. मग गावात कोणीतरी म्हणते, ‘ज्याचे त्याचे भोग.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे. दुःख सोसण्यासाठी दैवाचा आधार घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण हेच वाक्य खुर्चीत बसलेल्यांच्या सोयीचे ठरते. एकाच्या उपभोगाची किंमत दुसऱ्याने मोजायची आणि तिला प्राक्तन म्हणायचे, ही भाषेने केलेली लबाडी आहे. जे माणसांच्या निर्णयांतून घडते, त्याचा हिशेब दैवाच्या खात्यावर का मांडायचा?

पर्याय आहे का?

तोही याच पट्ट्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. गाव बांबू विकते, जंगलाचा उपभोग घेते. पण किती तोडायचे आणि काय राखायचे, हेही ग्रामसभाच ठरवते. २००६च्या या कायद्यात वापराच्या हक्काबरोबर जंगल राखण्याचा हक्क आहे आणि ती जबाबदारीही आहे.

‘भुज्’चे दोन्ही अर्थ इथे पुन्हा एकत्र येतात. सुखाचा भोग घेण्यात काही वावगे नाही. मार्कंड्याचे शिल्पकार ते जाणून होते. वावगे आहे ते राखण्याची जबाबदारी टाळून घेतलेल्या भोगात. त्यामुळे पुढच्या वेळी ‘भोग’ हा शब्द ऐकू आला, तर तो कोणी घेतला आणि कोणाला भोगावा लागला, हे विचारायला हवे.