‘मीच तो’ म्हणणाऱ्याचं काय?

चितेगावला बसमधून उतरून "अमुक पाटील कोण?" असं ओरडून विचारा. पाटील स्वतःच "मी" म्हणत पुढे येतील. दुसरा कुणी "मीच तो" म्हणाला, तर चार जण त्याला तिथेच हटकतील.

लॅनवर एआरपी हेच करतो. ३२ बिटांचा आयपी पत्ता माहीत असतो, पण फ्रेम पोचवायला ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. म्हणून सगळ्यांना विचारायचं, ज्याचा आयपी त्याने उत्तर द्यायचं. फरक एवढाच, इथे हटकणारं कुणी नाही! डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२६ लिहिलं, त्यात उत्तराची खातरजमा करायची सोयच नाही.

आमच्या होस्टेलवर एकाने गंमत म्हणून "गेटवे मीच" अशी उत्तरं सोडली. परीक्षा फॉर्मची शेवटची रात्र, अन् अख्ख्या मजल्याचं नेट बंद! वायव्हासाठी एआरपीची व्याख्या सगळ्यांनी घोकलेली, पण 'एआरपी -ए' टाकून गेटवेचा मॅक बदललाय का, हे कुणालाच सुचलं नाही.

म्हणून माझं मत, व्याख्येचे मार्क कमी करा अन् हे लॅबमध्ये करून घ्या. स्विचवर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन कसं लावतात, तेही शिकवा. लॅनवर हटकणारे चार जण आपणच व्हायला हवं.