यंत्रांच्या गावात : चौऱ्याहत्तर चाकं कशाला?

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक गाडी निघाली आणि केरळात तिरुवनंतपुरमला पोचली जुलै २०२० मध्ये. रेल्वेने दीड-दोन दिवसांत होणारा प्रवास, आणि हिला लागलं चक्क एक वर्ष! गाडी बिघडली नव्हती की रस्ता चुकली नव्हती. तिच्या पाठीवर होतं नाशिकला तयार झालेलं ७० टन वजनाचं एक यंत्र. उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. त्याचं नाव ऑटोक्लेव्ह. राक्षसाच्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर म्हणा ना! उष्णता आणि दाब देऊन अंतराळयानाचे हलके पण कणखर भाग त्यात पक्के करतात. विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात ते न्यायचं होतं. वाटेत लॉकडाऊनही आडवा आला. तीसेक माणसं गाडीबरोबर चालत होती आणि गाडी दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर सरकायची. एवढं तर तुम्ही शाळेत जाता-येता चालता!

या गाडीला चाकं किती होती? चौऱ्याहत्तर.

आता तुम्ही म्हणाल, एवढी चाकं कशाला? चांगली जाडजूड दहा चाकं लावली असती तर? तर ७० टन भागिले १०, म्हणजे एकेका चाकावर सात टन, आणि गाडीचं स्वतःचं वजन वेगळंच. टायर फुटला नसता तर रस्ता फुटला असता. तेच ७४ ने भागा. यंत्राचा वाटा एका चाकामागे टनाच्या आसपास येतो. खात्री करायची तर आईकडून भांडी घासायचा जाड स्पंज मागून घ्या. त्यावर एक काडेपेटी उभी करून वर वजनदार पुस्तक अलगद धरा. काडेपेटी स्पंजात रुतते. आता चार काडेपेट्या चार कोपऱ्यांना ठेवून तेच पुस्तक ठेवा. पुस्तक तेच, स्पंजही तोच, पण रुतणं किती कमी झालं पाहा. अवजड सामान वाहणाऱ्यांच्या धंद्याचं निम्मं शास्त्र या खेळात आहे.

उरलेलं निम्मं मात्र जरा खोल आहे. त्यासाठी आपण नाशिकच्या राक्षसाला सोडून आपल्या रोजच्या ओळखीच्या यंत्राकडे येऊ. पोकलेन. हे नाव खरं तर फ्रान्समधल्या एका कंपनीचं. पण आपल्याकडे साखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या खोदाई यंत्राला सरसकट पोकलेनच म्हणतात. विहिरीवर, धरणावर, रस्त्याच्या कामावर दिसणारं मधल्या आकाराचं पोकलेन साधारण २० टनांचं असतं. ते डांबरी रस्त्यावरून स्वतः चालत गेलं तर रस्ताही खरवडेल आणि त्याचे पट्टेही झिजतील. म्हणून त्याला बुटक्या, लांबलचक ट्रेलरवर चढवून नेतात.

हा ट्रेलर ओव्हरलोड कसा होतो? कुणी मुद्दाम ठरवून दुप्पट वजन लादतं असं नाही. पोकलेनच्या कागदावर २० टन लिहिलेलं असतं. पण ते विहिरीतून नुकतंच बाहेर आलेलं असतं आणि पट्ट्यांत चिखल ठासून भरलेला असतो. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं, हे लक्षात ठेवा. मग कुणी म्हणतं, खडक फोडायचा ब्रेकरही बरोबर जाऊ दे. कुणी जादा बकेट टाकतं. डिझेलची पिंपं असतात. 'एवढ्याने काय होतंय?' हे वाक्य प्रत्येक वेळी म्हटलं जातं, आणि प्रत्येक वेळी ते थोडंसं खरंही असतं. पण सगळे 'एवढे' एकत्र वजनकाट्यावर चढले, की दोन-तीन टनांचा फरक निघतो.

रस्त्याला हा फरक कसा जाणवतो ते अमेरिकेत इलिनॉय राज्यात तपासलं गेलं. १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक पुन्हा पुन्हा फिरवून रस्ता कसा खचतो ते मोजलं. त्यातून एक ढोबळ नियम निघाला. एका अॅक्सलवरचा, म्हणजे आसावरचा भार जितक्या पट वाढेल, त्याच्या चौथ्या घाताइतकी रस्त्याची हानी वाढते. भार दुप्पट, तर हानी दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. सोळापट! आणि भार फक्त वीस टक्क्यांनी वाढला तर? १.२ चा चौथा घात काढा. दोनच्या थोडा वर येतो. म्हणजे पाचाच्या जागी सहा टन ठेवले की रस्ता दुप्पट वेगाने म्हातारा होतो. आपल्या गावच्या रस्त्याला एका पावसाळ्यात खड्डे का पडतात, त्याचा सगळा दोष पावसाला देऊ नका.

पण रस्ता खचतो सावकाश. माणसावर बेततं ते क्षणात, आणि त्यात नुसतं वजन किती हा प्रश्न नसतो. ते ठेवलंय कुठे, हाही असतो.

हे शास्त्र आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी 'उलाळ' होते. पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवर टेकत नाही. पुढे जास्त भरला तर सगळं ओझं त्यांच्या मानेवर बसतं. जाणता गाडीवान भरतानाच धुरेला हात लावून अंदाज घ्यायचा आणि दोन पोती पुढे, एक मागे असं करत तोल साधायचा. ट्रेलर म्हणजे मोठी बैलगाडीच. फक्त बैलांच्या जागी इंजिन. मागे जास्त वजन पडलं की ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागते. वेग वाढला की झोके वाढतात, आणि एका हद्दीपुढे ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाहीत. मोटारीमागे लावायच्या लहान ट्रेलरसाठी म्हणूनच सांगतात, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हुकावर आलाच पाहिजे. पोकलेन ट्रेलरवर वीतभर पुढे घ्यायचं की मागे, यावर ड्रायव्हर आणि क्लीनर तावातावाने वाद घालताना दिसले, तर हसू नका. तो वाद फार मोलाचा आहे.

आता ब्रेक. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरच्या डोळ्यांना धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ११ मीटर नुसते असेच! त्यानंतर ठीक भरलेली गाडी समजा १५ मीटरमध्ये थांबते. ब्रेकची पकड जेवढी आहे तेवढीच आहे. भार दीडपट केला म्हणून ती दीडपट होत नाही. मग गाडी थांबायला १५ ऐवजी २२-२३ मीटर घेणार. हा सात-आठ मीटरचा फरक म्हणजे शाळेसमोरच्या रस्त्याची जवळजवळ पूर्ण रुंदी.

घाटात तर आणखी पंचाईत. उतारावर गाडीला रोखून धरताना सगळी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमते. तीस टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरली, तर तेवढ्या शक्तीने जवळपास ३०० लिटर पाणी उकळीला आणता येईल. हवेचा आणि चाकांचा विरोध थोडा वाटा उचलतो, थोडा इंजिनही उचलतं. बाकी सगळं ब्रेकच्या ड्रमांवर. पंचेचाळीस टन असतील तर ४५० लिटरचं आधण! ड्रम तापून लाल झाले की लायनरची पकड सुटते. पाय खाली दाबलेला आणि गाडी मात्र चालूच. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारा माणूस इंजिनाचा हात सोडून देतो. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालट्रकने अनेक वाहनांना ठोकरलं होतं. त्यात माल जास्त होता असं मी म्हणत नाही. पण भरलेली गाडी उतारावर सुटली की काय होतं, ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं.

टायरची गोष्ट थोडक्यात. जादा भाराने टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपते, जास्त तापते, आणि भर उन्हाळ्यात फुटते. उभ्या ट्रेलरची टायरं खाली पसरलेली आणि पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसले, तर वजनकाट्याची गरजच नाही.

पोकलेन तुमच्या दारावरून रोज जात नसेल, पण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडच्या दोस्तांनो, तुमच्या दारावरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या तर रोज जातात! एका ट्रॅक्टरमागे दोन दोन. तिथे वर सांगितलेलं सगळं लागू होतंच, शिवाय दोन गोष्टी जास्त. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक लागतो तो फक्त ट्रॅक्टरला. मागचं धूड त्याला ढकलतच राहतं, आणि वळणावर सगळी गाडी अडकित्त्यासारखी मिटते. दुसरी गोष्ट, चढाला ट्रॅक्टरचं नाक उचलतं. भार मागे ओढतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि हलकी चाकं स्टिअरिंगचं ऐकत नाहीत. पुढची चाकं उड्या मारताना दिसली की समजा, ड्रायव्हर आता निम्माच ड्रायव्हर उरलाय.

आणि हो, धावत्या ट्रॉलीतून ऊस उपसणारे वीर! तुमच्यात बरेच असतील, माहीत आहे मला. ऊस ओढताना तुमचं लक्ष कांड्यावर असतं आणि चाक असतं तुमच्या पायापासून हातभर. मोळी सैल झाली तर एकटा ऊस येत नाही, वरचा थर येतो. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, आणि दिसलात तरी वर सांगितलेले २३ मीटर आहेतच. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर बसून शेताहून घरी येणाऱ्यांनाही हेच. पोकलेन ट्रेलरवर चढत किंवा उतरत असताना बघायला गर्दी जमते, तीही मागे आणि बाजूला. ओल्या फळीवरून लोखंडी पट्टा घसरतो तेव्हा २० टन कुठल्या बाजूला येतील, ते पोकलेनच्या ऑपरेटरलाही सांगता येत नाही. बघा जरूर, पण लांबून.

हे सगळं माहीत असूनही लोक जादा का भरतात? ड्रायव्हर मूर्ख असतात म्हणून नाही. उसाची वाहतूक टनावर मिळते, खडी-मुरमाची खेपेवर. दोन खेपांचा माल एका खेपेत गेला तर एका खेपेचं डिझेल वाचतं. ते पैसे पुष्कळदा मालकाच्या खिशात जातात आणि ब्रेकवर पाय असतो ड्रायव्हरचा. मला तरी हा सौदा बरोबर वाटत नाही. कायदाही जादा भार मानत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि जादा दर टनाला २,००० रुपये असा झाला. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावता येतो. आता उसाच्या दोन मोळ्या उतरवता येतील, अर्धं पोकलेन कसं उतरवणार? म्हणून न तुटणाऱ्या, मापाबाहेरच्या सामानाला आधीच वेगळी परवानगी काढावी लागते. गंमत म्हणजे त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०१८ मध्ये, सरकारने भाराची मर्यादाच वाढवली होती. चार टायरांच्या एका अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. गाड्या सुधारल्यात, असं कारण दिलं गेलं. गाड्या सुधारल्या हे खरं, पण रस्त्यांना कुणी विचारलं? ११.५ भागिले १०.२, आणि त्याचा चौथा घात. काढा बघू.

पुढच्या वेळी एखादा मालट्रक उभा दिसला, तर त्याच्या अंगावरची अक्षरं वाचा. यू.एल.डब्ल्यू. म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन आणि आर.एल.डब्ल्यू. म्हणजे मालासकट जास्तीत जास्त परवानगीचं वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की माल किती न्यायचा ते उमगतं.

आता या आठवड्याचं कोडं. एका ट्रेलरचा पुढचा टेकू, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर टेकणारी जागा, आणि मागच्या चाकांच्या गटाचा मध्य यांत ८ मीटर अंतर आहे. मागची चाकं जास्तीत जास्त १४ टन माल पेलतात, पुढचा टेकू ९ टन. २० टनांचं पोकलेन चढवायचंय. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या मध्यापासून किती मीटर पुढे ठेवला तर दोन्हीकडचा भार मर्यादेत राहील? कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, दोन्ही हवेत. मग त्याच पोकलेनला २ टन चिखल लागलाय असं धरा (गुरुत्वमध्य तोच राहिला असं समजू) आणि पुन्हा गणित करा. एकूण २२ टन, म्हणजे १४ अधिक ९ च्या आतच आहेत! तरी ठेवायच्या जागेची मोकळीक किती उरली ते पाहा. उत्तराबरोबर आकडेमोडही पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.