पूर ओसरल्यावर आधी वायरमन, मग गवंडी

ऑगस्ट २०२० अखेरीस गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगेकाठच्या गावांत पाणी शिरले. पोंभुर्णा तालुक्याच्या पूर्वेलाही हीच नदी आहे.

पूर ओसरला की पहिला निरोप गवंड्याला जातो. हा क्रम चुकीचा आहे. आधी फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा. मग वायरमनकडून वायरिंग, अर्थिंगची तपासणी. तोवर मेन स्विच बंद. गवंडी शेवटी, भिंत पूर्ण सुकल्यावर. ओल्या भिंतीवरचे प्लास्टर पुन्हा सुटते.

अडचण पैशांची आहे. केंद्राच्या २०२२-२६च्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५००, कच्च्यासाठी ४,००० रुपये ठरवले होते. एवढ्यात दोघांची मजुरी आणि सामान निघणे कठीण. म्हणून निदान वीजतपासणी तरी शासनाने पंचनाम्यासोबतच मोफत करून द्यावी.