सागवानी डेकला वार्निश कशाला?

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. त्या काळी युद्धनौकांच्या वरच्या डेकला रंग वा वार्निश लावीत नसत. खलाशी गुडघे टेकून वाळू, पाणी आणि मऊ वालुकाश्माने तो घासत. फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठासून वर तापवलेले डांबर ओतले जाई. उरलेले काम सागातील अंगभूत तेल करी. तेव्हा चित्रपटांतील तकतकीत डेक पाहून जुन्या नौकांवर वार्निशचा आग्रह धरणे अनैतिहासिक आहे आणि घातकही. पायांखाली तो थर तडकतो, मग त्याखाली पाणी मुरते. पर्यटकांना करडा साग दुर्लक्षित भासतो खरा, पण तो उन्हापावसाने आलेला रंग आहे. घासणेही बेतानेच हवे. दर घासणीला फळी थोडी झिजते.