पोस्टरवर पचिनो आहे, म्हणून?

होस्टेलवरची शनिवार रात्र. एक लॅपटॉप, चार जण आणि ‘काय बघायचं’ यावर अर्धा तास वाद. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘अरे, हा लाव ना, अल पचिनो आहे यात!’ वाद मिटतो. दीड तासाने दोघं झोपलेले असतात, तिसरा मोबाइलवर रील्स बघत असतो आणि चौथा विचारतो, ‘याला ग्रेट का म्हणतात रे?’

त्या चौथ्याचं काही चुकलेलं नाही. त्याने ‘द गॉडफादर’च्या आधी ‘हँगमन’ (२०१७) पाहिला, एवढंच. एक सीरियल किलर हँगमनचा खेळ खेळतोय आणि निवृत्त डिटेक्टिव्ह पचिनो त्याच्या मागावर आहे. ऐकायला भारी, बघायला कंटाळवाणा. आपल्यापैकी कितीतरी जणांची मोठ्या नटांशी ओळख आता अशीच होते. ॲपवर समोर येतं ते पोस्टर. त्यावर नाव दिसतं आणि आपण क्लिक करतो.

‘८८ मिनिट्स’ (२००७) घ्या. पचिनो यात फॉरेन्सिक सायकियाट्रिस्ट आहे. त्याला फोन येतो, तुझ्याकडे ८८ मिनिटं उरलीत. इथून टेन्शन वाढायला हवं की नाही? पण तो बराच वेळ फोन कानाला लावून इकडून तिकडे फिरतो, जो दिसेल त्याच्यावर आपल्याला संशय घ्यायला लावतात आणि सिनेमा ८८ मिनिटांत संपतही नाही!

मग आपण पटकन म्हणतो, ‘वय झालं आता त्याचं.’ मला हे पटत नाही. ख्रिस्तोफर नोलनचा ‘इन्सोम्निया’ (२००२) आला तेव्हा पचिनो साठी ओलांडलेला होता. अलास्कात सूर्य मावळत नाही, डिटेक्टिव्हला झोप लागत नाही आणि मनात अपराधीपणा साचत जातो. तो थकवा त्याच्या पापण्यांवर दिसतो. ‘द आयरिशमन’साठी (२०१९) ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा तर तो ऐंशीच्या घरात होता. म्हणजे मुद्दा वयाचा नाही.

मुद्दा काय आहे, हे दोन सिनेमे शेजारी ठेवले की कळतं. मायकल मानच्या ‘हीट’मध्ये (१९९५) पचिनो पोलीस आहे आणि रॉबर्ट डी नीरो चोर. दोघं कॉफी प्यायला समोरासमोर बसतात. बंदूक नाही, पाठलाग नाही, फक्त बोलणं. दोघांनाही माहितेय की वेळ आली तर एकमेकांना मारावं लागेल. आपण श्वास रोखून बघतो. तेरा वर्षांनी हीच जोडी ‘रायचस किल’मध्ये आली, या वेळी जवळजवळ सगळा सिनेमाभर एकत्र. पण इथे सगळं शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवलंय, त्यामुळे ही दोन माणसं आहेत कोण, हे आपल्याला कळूच दिलं जात नाही. नट तेच, पण हातात लिहिलेलंच काही नाही. ‘८८ मिनिट्स’ आणि ‘रायचस किल’चा दिग्दर्शकही एकच, जॉन ॲव्हनेट. हे नाव आपण क्लिक करण्याआधी वाचलं होतं का?

मग प्रश्न उरतो, त्याने असे सिनेमे घेतलेच कशाला? २०२४मध्ये आलेल्या ‘सनी बॉय’ या आत्मचरित्रात त्याने सांगितलंय की हिशेब बघणाऱ्या माणसाच्या कारभारामुळे आणि स्वतःच्या उधळपट्टीमुळे तो कफल्लक झाला आणि मग पैशांसाठी कामं घेतली. ‘जॅक अँड जिल’ (२०११) त्यातलाच. वाचून वाईट वाटतं आणि त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही. घर चालवायला काम करण्यात लाज कसली? पण फॅन मंडळींनो, एक तारीख बघा. वर सांगितलेले ॲव्हनेटचे दोन्ही सिनेमे या संकटाच्या आधीचे आहेत. त्यामुळे प्रत्येक फसलेल्या सिनेमावर ‘बिचाऱ्याला पैसे हवे होते’ हे पांघरूण घालता येणार नाही. आवडत्या नटाचं वाईट काम वाईट म्हटलं, तर आपलं प्रेम कमी होत नाही. उलट, सगळंच ग्रेट म्हणत राहिलो तर ‘गॉडफादर’मधल्या त्या रेस्टॉरंटच्या सीनला काय म्हणणार? तिथे मायकल गोळी झाडण्याआधी नुसता बसलेला असतो आणि आपल्याला त्याच्या डोळ्यांत सगळं दिसतं.

तेव्हा पुढच्या शनिवारी एवढं करा. क्लिक करण्याआधी पोस्टरवरच्या चेहऱ्याखालची लहान अक्षरं वाचा: लिहिलंय कुणी, दिग्दर्शन कुणाचं. आणि त्या चौथ्या मित्राला परत बोलवा. त्याला ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) दाखवा. बँक लुटायला गेलेला आणि आतच अडकून पडलेला, घामाघूम पचिनो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही.