फोडणीतले तेल कोण मोजणार?



आहार मोजणारी ॲप्स आता भरवशाची झाली, असे गेल्या अंकातल्या पत्रात वाचले. भरवशाची, पण कशाशी ताडून? एका ॲपचा आकडा दुसऱ्याशी जुळला एवढ्याने भागत नाही; दोन्ही घड्याळे सारखीच मागे असू शकतात. ताडायचे तर ताटातला घास न् घास वजन करून, नाहीतर उष्मांकांपुरती, शरीराचा ऊर्जाखर्च मोजणारी ‘डबली लेबल्ड वॉटर’ची चाचणी लावून. त्या चाचणीशी ताडल्यावर माणसे आपले खाणे कमी सांगतात, हे वारंवार दिसले आहे. आणि ॲपमध्ये नोंद करणारा माणूसच!

माझ्या ॲपने भरल्या वांग्यांचा फोटो पाहून ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ असे लिहिले. दाण्याचे कूट, खोबरे, वरचा तेलाचा तवंग, सगळे गायब. वाटी तरी कोणती? आमच्याकडे तीन मापांच्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण ते बहुतांशी कच्चे. शिजलेल्या भाजीचा हिशेब पाककृतीवरूनच मांडावा लागतो, आणि पाककृती घराघरांत बदलते.

आठवड्यात डाळ, फळे, पालेभाजी किती वेळा खाल्ली, एवढेच विचारणारी साधी प्रश्नावली मला ॲपच्या आकड्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. ती निदान दशांशचिन्ह मिरवत नाही.

— एक वाचक, सांगली